आकड्याला लावलेलं पत्र

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र लांबलं, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं. अजूनही कळत नाही, पण तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

छापखान्यात सध्या एक पुस्तक जुळवतोय. लिहिणारे साहेब सरकारी नोकरीत दुकानदारांची वजनमापं तपासायचे. आता निवृत्त झालेत. जन्मभर तराजूची पारडी उलटी करून पाहिली, आता धर्माची पाहताहेत. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शंभर वर्षांत खरोखर काय घडलं आणि मागाहून काय चिकटवलं गेलं, असा विषय आहे.

खिळे जुळवणाऱ्याने मजकूर वाचायचा नसतो हे तुला माहीत आहे. अक्षर बघायचं, शिशाचा खिळा उचलायचा, पुढचं अक्षर बघायचं. वाचायला लागलं की हात मंदावतो. तेवीस वर्षांत मी एक ओळ वाचली नव्हती. हे वाचलं.

ताई, आपण लहानपणापासून ऐकलं ते चौघांनी लिहिलंय आणि चौघांचा मेळ नाही. येशूच्या कबरीपाशी बायका किती गेल्या? एक म्हणतो एक, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा म्हणतो पुष्कळ. तिथे कोण दिसलं? कुठे एक तरुण, कुठे एक देवदूत, कुठे दोघं. येशूचा बाप योसेफ, त्याच्या बापाचं नाव दोघांनी दोन दिलंय. लिहिणाऱ्यांची नावंसुद्धा मागाहून लावली असावीत, असं साहेब म्हणतात. आणि ज्या प्रचारकाची पत्रं या सगळ्यांहून जुनी, त्याने येशूला हयातीत पाहिल्याचं कुठेच म्हटलेलं नाही.

आता खरी अडचण ऐक. १८ एप्रिलला भिंगरीचं लग्न. आपल्या चर्चचा नियम तुला ठाऊक आहे. मुलीच्या बापाने पुढे उभं राहून विश्वासाचे सगळे शब्द एकट्याने, मोठ्याने म्हणायचे. त्याशिवाय पाद्रीबाबा पुढचं पान उलटत नाहीत. माझ्याच्याने ते म्हणवणार नाही. खोटं बोलून मुलीचं लग्न लावू का? परवा जेवताना तिला सांगितलं. तिने ताट सरकवलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही उभे राहणार नसाल तर मीही राहणार नाही." तेव्हापासून बोलत नाही. तिची आई असती तर काहीतरी मार्ग काढला असता.

तू काय म्हणतेस?

तुझा भाऊ

९ फेब्रुवारी

ठोकळ्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं घरात कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही, नुसती तुझी अक्कल गेली आहे. घरातला कागद संपला, म्हणून धुलाईच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिते. पुढच्या बाजूला हॉस्पिटलच्या चादरींचा आकडा आहे, तो वाचत बसू नकोस. तुझा आता भरवसा नाही.

चौघांचा मेळ नाही म्हणून रडतोस? आमच्या धुलाईत येऊन बघ.

आमच्याकडे बॉयलरवर एक मामा आहे. सगळ्यांचा मामा. वरती एक दात, खालती एक दात आणि दोघांची कधी भेट नाही. गेल्या सोमवारी दुपारी त्याने अंगातला निळा डगला काढला, खुंटीला लावला, "वाफ हळू सोडा, मी येतो" म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. बस. तेव्हा आम्ही चार जणी होतो. इस्त्रीवाली, घडीवाली, खळवाली आणि मी. मी कॉलरवरचा शाईचा डाग काढत होते, म्हणजे माझी नजर त्या वेळी सगळ्यांत बारीक होती. मी पाहिलं ते हे एवढंच.

आठ दिवस झाले, मामा आला नाही. घरी एकटाच राहतो, कुलूप आहे. आता इस्त्रीवाली म्हणते, तो जाताना त्याच्या भोवती पांढरं पांढरं दिसत होतं. अगं गाढविणी, ती वाफ होती! घडीवाली म्हणते, तो दाराने गेलाच नाही, धुराड्याकडे गेला आणि मग दिसला नाही. खळवाली त्या वेळी वाकलेली होती, तिला त्याचे पायच दिसले, पण ती म्हणते पाय जमिनीला टेकलेले नव्हते. आणि मला, जिने नीट पाहिलं तिला, कोणी विचारत नाही.

तर चार जणी, एक खोली, आठ दिवस. तुझ्या त्या लोकांना तर कितीतरी वर्षं मिळाली होती. मेळ बसला असता तर मला संशय आला असता.

मला विचारशील तर मी सकाळी अर्धा मिनिट देवाला हात जोडते. तेवढ्यात तो माझी चौकशी करत नाही आणि मी त्याची करत नाही. तू बाप आहेस. बापाने मुलीच्या लग्नात उभं राहायचं असतं. राहा.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी जेवायचा थांबलो. तू जे लिहिलंस तेच साहेब दीडशे पानांत सांगताहेत! मला नीट सांग: मामाचा डगला निळाच होता का? तो "मी येतो" म्हणाला तेव्हा तोंड कोणीकडे होतं? खळवालीने किती दिवसांनी पायांचं सांगितलं?

साहेबांच्या पुस्तकात आज असं आलं की चारांतला सगळ्यात जुना वृत्तांत जुन्या प्रतींमध्ये अचानक संपतो. बायका कबरीपासून घाबरून पळाल्या आणि त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. संपलं. पुढचा मजकूर नंतर कोणीतरी जोडला. आता मला सांग, त्यांनी कोणालाच सांगितलं नाही तर हे लिहिणाऱ्याला कळलं कसं?

दुसरंही एक आहे. तेव्हा हाताने नकला करायचे. एखाद्याने समासात आपल्या मनाचं काही टिपून ठेवलं की पुढचा नकलनवीस तेही मजकुरातलंच समजून आत घ्यायचा. लोक जिला दगड मारायला निघाले होते त्या बाईची गोष्ट आपल्या आईला किती आवडायची! ती सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये नाहीच. इतका निष्काळजीपणा! आमच्याकडे कोणी असं केलं तर मालक त्याच दिवशी हाकलून देतील.

साहेब रोज नवी भर पाठवतात, तीही अशाच जुन्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. "हे यानंतर घाला, ते त्यानंतर घाला." त्या सगळ्या मी माझ्या खिळ्यांच्या घोडीशेजारच्या लोखंडी आकड्याला अडकवतो. तुझं पत्रही हरवू नये म्हणून तिथेच लावलंय. डबा खाताना वाचतो.

भिंगरी आता चिठ्ठ्या लिहून ठेवते. "भाजी झाकून ठेवली आहे." एवढंच.

तुझा भाऊ

२६ फेब्रुवारी

ठोकळ्या,

बायका घाबरल्या आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही असं लिहिणारा नक्की पुरुष असणार. तुझ्या वजनमाप साहेबांना माझा निरोप दे, दीडशे पानं वाचतील. घाबरलेली बाई घरी पोचायच्या आत सात जणींना सांगते. वृत्तांत तिथे संपला असेल तर पान फाटलं असेल.

डगला निळाच होता. त्याचं तोंड दाराकडे होतं. आता पुन्हा विचारू नकोस, कारण इथे त्याच्यावरून मारामाऱ्या होताहेत.

धुलाईत दोन तट पडलेत. इस्त्रीच्या बाजूच्या सगळ्या मागच्या दाराच्या. घडीच्या बाजूच्या सगळ्या धुराड्याच्या. डब्याला एकत्र बसत नाहीत. मी डागवाली, माझं टेबल मधोमध. दोन्हीकडून शिव्या मलाच. काल घडीवालीला म्हटलं, "अगं, मी माझ्या डोळ्यांनी त्याला दार ओढून घेताना पाहिलं." तर ती माझ्याशी अशी बोलली, जशी मी तापात आहे. "तुला तेवढंच दिसलं गं. ज्याची जेवढी नजर."

तो निळा डगला अजून खुंटीवर आहे. त्याला धुवायचं नाही असं ठरलंय. धुलाईत! अंगभर तेल आणि काजळी, मला बघवत नाही. परवा मी सोडा घेऊन गेले तर खळवाली आडवी आली.

आणखी ऐक. मामाला धड दात नव्हते, म्हणून तो पाव चहात बुडवून खायचा. आता सगळ्या बुडवून खातात. कडक काही दाताखाली घ्यायचं नाही. मुकादमाने पहिल्या आठवड्यात तंबी दिली होती, दुसऱ्या आठवड्यात हसला, आणि काल मी पाहिलं, मशीन चालू करायच्या आधी तो डगल्याला हात लावून आला. मी विचारलं, "काय हो?" तर म्हणतो, "लावला तर काय बिघडतं?"

वाफ मात्र सगळ्या हळू सोडतात. त्यामुळे महिनाभरात कोणी भाजलं नाही. हे मला कबूल करावं लागतं, आणि मला त्याचा राग येतो.

भिंगरीने चिठ्ठीत भाजीचं लिहिलं म्हणजे पोर तुला टाकायला तयार नाही. भाजी खा आणि तिला सांग की उभा राहीन.

ताई

२१ मार्च

ताई,

गेले तीन आठवडे लिहिलं नाही, पुस्तक संपवायची घाई होती, आणि आता लिहायला तोंड नाही.

पुस्तक छापून झालं. तीनशे प्रती बांधून गेल्या. काल सहज एक उघडली. पान ४१ वर, नकलनवीसांच्या निष्काळजीपणाच्या प्रकरणाच्या बरोबर मध्ये, असं आहे: "तेव्हा आम्ही चार जणी होतो... मी पाहिलं ते हे एवढंच."

मी जुळवलंय. माझ्याच हातांनी. ते पान मी पूर्वीसारखं न वाचता जुळवायचं ठरवलं होतं, कारण वाचल्यामुळेच सगळा घोटाळा झाला होता. आकड्यावरून चिठ्ठी काढली, अक्षर बघितलं, खिळा उचलला. "वरती एक दात, खालती एक दात" इथून ते "पाय जमिनीला टेकलेले नव्हते" इथपर्यंत सगळं आहे. प्रूफ तपासणारे काका फक्त शुद्धलेखन बघतात. त्यांनी तुझ्या एकतीस चुका सुधारल्या आणि "गाढविणी" व "ती वाफ होती" ही ओळ काढून टाकली. म्हणाले, गंभीर पुस्तकात शोभत नाही.

मी साहेबांकडे गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी चष्मा लावला, पान ४१ वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे पुसले. "हे फार जुन्या साक्षीदाराचं आहे," म्हणाले. "मीच कुठूनतरी उतरवून घेतलं होतं. सगळ्या पुस्तकात ही एक साक्ष अशी आहे की हिच्यात भर घातलेली नाही."

मी म्हटलं, "साहेब, ही माझी बहीण आहे. धुलाईत डाग काढते."

"पुरावा?"

पुरावा कुठला? जुळवून झालेल्या चिठ्ठ्यांनी आम्ही शाई पुसतो. तुझं पत्र शाई पुसून भट्टीत गेलं.

"तुमची बहीण इतकं शुद्ध लिहिते?"

मला खोटं बोलता येईना. "नाही," म्हटलं.

"मग?" म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

मालकांना अजून कळलेलं नाही. आणि आज पाद्रीबाबांना सांगून आलो की मी ते शब्द म्हणणार नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग मी पुढचं पान उलटणार नाही. मुलगी आणि जावई उभे राहतील आणि उभेच राहतील." भिंगरीला हे सांगायचं आहे. तूच सांग ना, ताई. तुझं ती ऐकते.

तुझा भाऊ

३० मार्च

ठोकळ्या,

भिंगरीला मी काही सांगणार नाही. स्वतः केलेला डाग स्वतः काढ.

पुस्तक इथे पोचलं. चादरींचे गठ्ठे आणणाऱ्या ड्रायव्हरने आणलं. घडीवालीने डब्याच्या वेळी मोठ्याने वाचलं. पान ४१ आल्यावर सगळ्या डबे सोडून जवळ आल्या. इस्त्रीवाली चादरीवर इस्त्री तशीच ठेवून ऐकत उभी राहिली. चादर जळली. आता त्या जळक्या डागात मामाचा चेहरा दिसतो म्हणतात. मी एकवीस वर्षं डाग बघतेय. तो करपलेला डाग आहे, दुसरं काही नाही.

मी उभी राहून म्हटलं, "बायांनो, हे मी लिहिलंय. माझ्या भावाला पाठवलेलं पत्र आहे."

खळवाली म्हणाली, "तू चौथी नापास."

"म्हणून काय झालं?"

"यात एक चूक नाही."

तुझ्या त्या प्रूफवाल्या काकांना माझ्याकडून सांग, एकतीस चुका माझ्या होत्या, माझ्याकडेच राहू द्यायच्या होत्या.

खरी गंमत पुढेच आहे. मंगळवारी दुपारी मामा आला. मागच्याच दाराने.

दात लावून आला होता! खालीवर दोन्ही ओळी, पांढऱ्याशुभ्र. गाल भरलेले, हनुवटी जागेवर आलेली. मला आवाजावरून कळलं. बाकीच्यांना कळलंच नाही.

इस्त्रीवाली म्हणाली, "कोण पाहिजे?"

"अगं मी! मामा!"

"मामा असा हसत नव्हता."

"हसायला दात कुठे होते!"

घडीवाली पुढे आली. "मी तोंडात बोट घालून बघेन, तेव्हाच मानीन."

मामाने दोन्ही कवळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. ती किंचाळली आणि तिने मानलं.

तर सगळं प्रकरण असं. दोन होते ते दात काढून घ्यायला तो तुमच्याच गावातल्या दातांच्या दवाखान्यात गेला होता. हिरड्या भरेपर्यंत तिथे पुतण्याकडे राहिला. मी विचारलं, "सांगून का नाही गेलास?" म्हणाला, "सांगितलं की. मी येतो म्हणून."

तुला वाटेल आता सगळं निवळलं असेल. मामाने भूक लागली म्हणून सगळ्यांसमोर कडक टोस्ट काढला आणि कडाकड चावला. खळवाली रडायला लागली. सात आठवडे ती बुडवून खात होती. मग त्याने डगला मागितला, तर देईनात. म्हणाल्या, "तो मामाचा आहे." त्याला दुसरा नवा दिलाय. तो मुकाट्याने घालतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला पुस्तक वाचायला दिलं. पान ४१ त्याने बोट ठेवून वाचलं. मग मला बाजूला घेऊन विचारतो, "डागवाले, माझे पाय खरंच टेकले नव्हते का गं?" मी म्हटलं, "तूच होतास ना तिथे?" म्हणतो, "मी वर बघून चालत होतो. छापलंय म्हणजे कोणीतरी पाहिलं असेल."

म्हणून तुला सांगते, तू खरं काय घडलं ते शोधायला निघालायस. इथे तो माणूस स्वतः उभा आहे आणि त्याला त्याचा डगला मिळेना. या गोंधळातून कोणाला काही मिळायचं नाही. तुला मुलगी एकच आहे. अठरा तारीख एकच आहे.

ताई

५ एप्रिल

ताई,

भिंगरीला सांगितलं. ती रडली नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही यायचं की नाही ते सांगा. बाकी पाद्रीबाबांचं ते बघतील."

मी ठरवलंय. येईन. पुढे उभाही राहीन. पण माझ्या तोंडून मला खरं वाटत नाही ते निघणार नाही. पाद्रीबाबा पान उलटणार नाहीत आणि मी तोंड उघडणार नाही. मग काय होईल ते मला माहीत नाही. व्याह्यांकडचे नव्वद लोक येणार आहेत.

तू ये. पहिल्या बाकावर बस. मला कोणीतरी दिसत राहायला हवं.

तुझा भाऊ

९ एप्रिल

ठोकळ्या,

येते. सतरालाच पोचेन. मामालाही घेऊन येते. त्याच्या कवळ्या ढिल्या झाल्यात, बोलताना टकटक वाजतात, त्या तुमच्या गावातच आवळून घ्यायच्या आहेत. दवाखाना अठराला बंद असतो म्हणे, म्हणून लग्न उरकून दुसऱ्या दिवशी जाईल. तुझ्या साहेबांनाही बोलाव. पुरावा पुरावा करत होते ना, आणते आहे पुरावा. दोन पायांचा.

तोंड उघडायचं नसेल तर निदान दाढी कर.

ताई

२४ एप्रिल

ताई,

तू गेल्यापासून घर रिकामं आहे. भिंगरी कालच येऊन गेली, हसत होती, जावई चांगला आहे. लग्न झालं हे मला अजून खरं वाटत नाही. झालं कसं तेही नीट कळत नाही, म्हणून लिहितोय.

पाद्रीबाबांनी चर्चच्या नोंदवहीत लिहिलंय: "वधूच्या वडिलांनी खणखणीत आवाजात विश्वास जाहीर केला." मी आज जाऊन पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, मी खरंच म्हणालो का?" तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी समोर होतो, मुला."

व्याही म्हणतात, माझा गळा दाटून आला होता, तरी मी शेवटपर्यंत म्हटलं. विहीणबाई म्हणतात, शेवटची ओळ मी दोनदा म्हटली आणि त्यांना ते फार आवडलं. वजनमाप साहेब मागच्या बाकावर होते. ते मला काल रस्त्यात भेटले आणि तोंड फिरवून म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं." मामाला त्यांच्यासमोर उभं केलं होतंस ना? मी त्यांना त्याबद्दल विचारलं. म्हणाले, तो माणूस साक्षीतल्या वर्णनाशी जुळत नाही, त्याला दात आहेत.

भीतीने डोकं सुन्न होतं, मला फक्त एवढं आठवतं की मी पुढे उभा होतो, ओठ घट्ट मिटले होते, पाद्रीबाबा पान धरून वाट बघत होते आणि भिंगरी हातातल्या फुलांकडे बघत होती. मग काहीतरी गडबड झाली आणि पुढचं पान उलटलेलं होतं.

ताई, आता मलाच वाटायला लागलंय की म्हटलं असेन. नोंदवहीतलं खोटं असेल तर मला जाऊन ते खोडायला लावलं पाहिजे. तू पहिल्या बाकावर होतीस. मी म्हटलं का?

तुझा भाऊ

२९ एप्रिल

ठोकळ्या,

नाही म्हटलंस.

आता नीट ऐक, एकदाच सांगते. तू खांबासारखा उभा होतास. चहाचं आधण येईल इतका वेळ कोणी हललं नाही. व्याह्यांकडचे एकमेकांकडे बघायला लागले होते. भिंगरीची मान खाली गेली होती. मी उठून तुझ्या कानाखाली वाजवणार होते, तेवढ्यात माझ्या शेजारी मामा शिंकला. फुलांमुळे. त्याच्या दोन्ही कवळ्या तोंडातून सुटल्या, वरची बाकाखाली गेली, खालची मधल्या वाटेवरून टकटक करत सरळ तुझ्या बुटापाशी जाऊन थांबली. नव्वद माणसं बाकांखाली वाकली. पाद्रीबाबाही वाकले. तू ती कवळी उचललीस आणि मोठ्याने, खणखणीत आवाजात म्हणालास, "हे दात कुणाचे?"

तेवढंच. सगळ्या चर्चमध्ये घुमलं.

पाद्रीबाबा वर उठेपर्यंत त्यांनी तुझा आवाज ऐकला होता, तोंड उघडं पाहिलं होतं, आणि भिंगरी हसत होती. त्यांना वाटलं झालं. त्यांनी पान उलटलं. विहीणबाईंना दोनदा ऐकू आलं, कारण कोणी उत्तर दिलं नाही म्हणून तू दोनदा विचारलंस.

नोंदवही खोडायला जाऊ नकोस. तिथे जाऊन काय सांगशील? नव्वद जणांनी ऐकलंय आणि तू एकटा नाही म्हणतोस. तुझ्या साहेबांना विचार, असा एकटा माणूस कोण मानतो. तू खोटं बोललेला नाहीस, हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. दोघं पुरे.

इकडचं म्हणशील तर मामा आता म्हणतो आपण मुद्दाम शिंकलो. गाडीत नव्हता म्हणत. इस्त्रीवालीने "मामा, मुद्दाम ना?" असं विचारल्यापासून म्हणतो. धुलाईत सगळ्या कामाला लागायच्या आधी एकदा शिंकतात. मीही काल शिंकले, पण मला खरंच सर्दी आहे.

आणि ज्याचा तुला घोर होता ते सांगते. निघताना मी भिंगरीला विचारलं, "तू तर शेजारीच होतीस, तू काय ऐकलंस?" म्हणाली, "आत्या, दातांचंच ऐकलं. पण काय म्हणाले ते कोण बघतंय? बाबा आले होते ना."

भाजी करून खात जा. हे पत्र आकड्याला लावू नकोस. वाचून झालं की याने शाई पूस.

ताई